वाजतीया का गं?

हरणाबाईच्या म्हशीपायी मी ते केलं, असं मी गावात सांगितलंय, आन गावाला ते पटलं बी. म्हशीपायी सख्खं भाऊ डोकी फोडत्यात, तिथं माझं ह्ये काय लय न्हवतं. पन म्हशीचं नाव मी नुसतं पुढं केलं. मुकं जनावर ते, कुनाला काय सांगनार हाय? खरं काय ते मला म्हाईत, आन आता मालकास्नी म्हाईत.

मालक म्हंजी आमचं ह्ये. नाव मी घेत न्हाई, आमच्यात बायका घेत न्हाईत. गाव त्येस्नी फौजी म्हनतंय. तोफखान्यात हुतं. एकाहत्तरच्या लढाईत तोफा चालवल्या, हातपाय धड घेऊन घरी आलं, कान तेवढं तिकडंच ठिवून आलं. गावानं येशीत हार घातला, हलगी लावून मिरवनूक काढली. ह्ये हसत हुतं. मला वाटलं आनंदानं हसत्यात. नीट बगितलं तर ह्ये एकेकाच्या तोंडाकडं बगत हुतं, आन तो हसला की मग हसत हुतं.

घरात आमी दोघंच. सासूबाई साताऱ्याला थोरल्या दिराकडं, नानासोंकडं असत्यात. हळूहळू मला उमगलं की जाड आवाज तेवढा ह्येस्नी लागतोय. जत्रंत ढोल वाजला की छातीला हात लावून म्हनायचं, "आला, आला." ताशा न्हाई, हलगी न्हाई, बायामानसाचं बोलनं तर न्हाईच. मिरजेच्या दवाखान्यात दाखिवलं. डाक्टर म्हनलं, जे उरलंय ते उरलंय, तेवढं जपा.

आता तुमीच सांगा, नवऱ्याला हाक मारायला बाईजवळ शबुद किती? एकच. "आवं." बहिऱ्या मानसाला "आवं" म्हनून काय व्हतंय? शेतात पाठमोरं असलं की मी सरळ ढेकूळ मारायची. पाठीत बसलं की वळून बगायचं. पलीकडची हरणाबाई म्हनायची, "शालू, लोकं नवऱ्याच्या पाया पडत्यात, तू ढेकळं मारतीस व्हय गं?" मी म्हनायची, "तुझ्या नवऱ्याला दोन्ही कान हायती, तरी तुझं कुठं ऐकतोय?"

समोर तोंड असलं, आन मी मोठ्यानं वरडून बोलले, तर वरडताना तोंड मोठं उघडतं त्यावरनं त्येस्नी कळायचं. पन एवढं वरडायचं किती! म्हनून बहुतेक आमचं मानंवर भागायचं. ह्ये इचारायचं, मी मान हलवायची. "मोटर चालू हाय का गं?" व्हय. "कुत्रं भुकतंय का?" न्हाई. "यस्टी गेली का?" व्हय. "पत्र्यावर पाऊस वाजतोय का?" न्हाई. सकाळपासनं दिवस मावळंतवर हेच. एकदा म्हनलं, "शाले, तू माझं कान हायस." मी वरनं हसले, मनात म्हनलं, माझ्या मानंला काय इसावा हाय का न्हाई? तवा मला ते वझं वाटायचं. किती गाढव हुते मी!

मग ती फटफटी आली. साताऱ्याला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, त्यातनं बुलेट उचलली. गाडी चांगली, पन ह्येस्नी कळायचंच न्हाई चालू झाली का बंद हाय. चालू गाडीला किका मारायचं. गाडी खर्र करायची आन पारावरची पोरं खिदळायची. मग टाकीवर हात ठिवून बगायचं, थरथरती का. एकदा असंच हात ठिवून हुबं हुतं, आन माझ्याकडं बगून इचारलं, "वाजतीया का गं?" मी म्हनलं, व्हय. ह्ये म्हनलं, "असंल." ते "असंल" मला लय लागलं.

रहिमतपुरात कृष्णात मिस्त्रीचं गॅरेज हाय. सांगलीला काम शिकून आलेलं पोरगं, ह्येस्नी लय मानतंय. त्यानंच काढली युक्ती. मला म्हनला, "वैनी, सायलेन्सरच्या पोटात एक भोकाभोकांची नळी असती. आवाज तिच्यातनं फिरून फिरून भाईर येतोय, म्हनून मऊ हुतोय. आमी तिला बासरी म्हनतो. ती काढली की आवाज सरळ भाईर. मग दादाच काय, देव बी जागा हुईल. पेट्रोल जरा जास्ती खाईल, धूर मारंल, आन पोलिसानं अडवलं तर माझं नाव सांगायचं न्हाई."

मी म्हनलं, "काढ बाबा. नाव कृष्णात, बासरी तुझीच."

आमच्या अंगनातच त्यानं मागचं नट ढिलं केलं, पकडीनं नळी वढून काढली. काळी कुट्ट, हातभर. मग ह्येंनी किक मारली.

बाई गं! कावळं उडालं. हरणाबाईच्या हातातली चरवी पडली. आन ह्ये, ह्ये तिथंच हुबं. तोंड उघडं, डोळं माझ्याकडं. "आलं," म्हनलं, "शाले, आलं! वाजतीया! मला ऐकू येतंया!" लढाईवनं आल्यावर जे रडलं न्हवतं ते मानूस तवा रडलं. मी बी रडले. कृष्णात पकड हातात धरून दुसरीकडं बगत हुता. ती बासरी ह्येंनी त्याच्या हातात दिली आन म्हनलं, "भंगारात घाल. मला परत दावू नगंस."

तितनं पुढं ह्येंचा रोजचा नेम झाला. दिवस कलला की उसातनं यायचं, गाडी अंगनात लावायची, पन बंद करायची न्हाई. बाजूला दगडावर बसायचं, डोळं मिटायचं, आन ऐकत ऱ्हायचं. धूर साऱ्या घरात. लुगड्याला वास, भाकरीला वास. पन मी काय बोलले न्हाई. एवढं एकच सुख मिळालंय मानसाला, म्हनलं, ऱ्हाऊ दे.

बोलली ती हरणाबाई. ह्येंची गाडी वढ्यापातूर आली की हरणाबाईची म्हैस पान्हा चोरायची. धारंची येळ आन ह्येंची यायची येळ एकच. म्हैस कान टवकारायची, पाय झाडायची, दूध वर चढवून घ्यायची ते घ्यायचीच. हरणाबाई रिकामी चरवी घिऊन आमच्या दारात. "तुझ्या नवऱ्याला ऐकू यावं म्हनून माझ्या म्हशीनं का आटावं गं?"

"रस्ता काय तुझ्या बापाचा हाय का?" मी म्हनलं.

"रस्ता न्हाई, म्हैस हाय माझ्या बापाची. त्येनंच दिलीया."

रोज भांडान. पन खरं सांगते, त्या भांडनात मला मजा यायची. मी ह्येंच्या बाजूनं भांडत हुते. तितवर माझं मन साफ हुतं.

मग तो दिस आला. चुलीवर आदन ठेवलं हुतं, उतरवताना फडकं सरकलं आन सारं पानी माझ्या पायावर. मी किंचाळले. जीव गेल्यावानी किंचाळले. हरणाबाई भिताडावनं उडी मारून आली, पलीकडच्या आळीतनं बाया आल्या. आन ह्ये? अंगनात दगडावर. दारातनं दिसत हुतं मला. डोळं मिटून, गाडीचा आवाज ऐकत, तोंडावर हसू.

"आवं!" मी वरडले. "आवं!"

बहिऱ्या मानसाचं डोळं उघडं असत्यात तवर त्येला हाक पोचायची काय तरी वाट असती. डोळं मिटलं की वाट बंद. हरणाबाईनं पायावर गार पानी वतलं, ती मला धरून बसली, आन माझं ध्यान पायाकडं न्हाईच. त्या लोखंडाचं ऐकू येतंया, आन बायकू मेली तरी न्हाई! ती भडभड करनारी गाडी मला त्या घडीला सवत वाटाय लागली. हसू नका. वाटली.

गाडी बंद करून ह्ये घरात आलं, पाय बगितला, डोळं येवढालं झालं. "कवा झालं? मला का न्हाई बलावलं?" म्हनलं. काय सांगू! मी तोंड फिरवलं. ह्येंनी खोबरेल लावलं, पाय मांडीवर घिऊन फुकत बसलं. तरी माझ्या मनातली आग इझली न्हाई.

पाय बरा झाला आन ह्ये सासूबाईस्नी बगायला यस्टीनं साताऱ्याला गेलं. मी तडक रहिमतपूर गाठलं. कृष्णातला म्हनलं, "बासरी परत घाल."

तो बगतच ऱ्हायला. "वैनी, दादा म्हनालं का?"

"व्हय. ह्येंनीच सांगितलंय. हरणाबाईच्या म्हशीचा शाप नगं म्हनालं."

"दादा तसं म्हननार न्हाईत कवा."

"म्हंजी मी खोटं बोलती का रं?"

आता थोरल्या भावजयीला कोन खोटं म्हननार? त्यानं कोपऱ्यातनं ती नळी काढली. भंगारात घातली न्हवती, पोरगं जपून ठिवनारं. सायकलीवनं घरी आला, नळी बसवली, नट आवळलं. जाताना म्हनला, "वैनी, दादास्नी एकदा माझ्यासमोर इचारू या का?" मी म्हनलं, "च्या घिऊन जा." तो न घेताच गेला.

ह्ये साताऱ्याला, गाडी हुबीच, तवा ती म्हैस दुसऱ्या दिशी बी चांगली पान्हावली. हरणाबाईनं चरवीभर दूध धाडलं. त्या दुधाचा च्या मी केला आन पिले. गोड लागला, खोटं का बोलू.

ह्ये आलं. मी सारं ठरवून ठेवलं हुतं. गाडीचा आवाज गेला म्हनून चिडतील, सायलेन्सर बगतील, कृष्णातला शिव्या देतील, मग मी हरणाबाईची म्हैस पुढं करीन. थोडं भांडान हुईल, आन मिटंल. भांडनात मला कोन हारवतंय?

सकाळी ह्येंनी गाडी भाईर काढली, किक मारली. गाडी चालू झाली, नेहमीच्या गाडीवानी, मऊ. ह्येंनी परत किक मारली. गाडी खर्र झाली. मग टाकीवर हात ठेवला. हात तसाच ठिवून माझ्याकडं बगितलं. मी उंबऱ्यात हुते.

"वाजतीया का गं?"

मी मान हलवली. व्हय.

खोटं न्हवतं ते. गाडी वाजत हुती, अक्षी सुरेख वाजत हुती. पन त्या एका मानंनं मी काय केलं ते मला त्येंच्या तोंडावरनं कळलं. मानूस चिडलं न्हाई. सायलेन्सरकडं बगितलं सुदा न्हाई. हात टाकीवरनं काढला, आपल्या कानाला लावला, मग दुसऱ्या कानाला. गाडी वाजतीया म्हनून बायकू सांगती, म्हंजी वाजतीया. मग गेलं काय? कान गेलं. उरलं हुतं तेवढं बी गेलं.

चावी फिरवली, गाडी बंद केली, फडक्यानं पुसली. लोक गेलेल्या मानसाला पुसत्यात तसं. वर गोनपाट टाकलं. "बरं," म्हनलं आन शेताकडं चालत गेलं.

तवाच सांगायचं हुतं. धावत जाऊन पाठीत ढेकूळ मारून सांगायचं हुतं. पन मला वाटलं आज न्हाई, उद्या. उद्या वाटलं, आता कसं? जसजसं दिस गेलं तसतसं पाप फुगत गेलं, आन माझं तोंड शिवत गेलं.

आन सगळ्यात वाईट ऐका. मला पायजे हुतं तेच झालं. दिवस मावळतीला ह्ये दगडावर बसंनात, माझ्याजवळ चुलीम्होरं बसाय लागलं. डोळं माझ्या तोंडावर. "मोटर चालू हाय का गं? दार वाजलं का? कोन हाक मारतंय का?" आदी बी दिवसभर इचारायचं, आता तर घडीघडीला. एक दिस माझा हात धरला आन म्हनलं, "आता समदं तुझ्यावर हाय, शाले. तू सांगशील ते खरं." भाकर तव्यावर जळली. मला उलथनं उचलवंना.

मग म्हनलं मिरजेला जाऊ, परत एकदा दाखवू. रहिमतपूरच्या ठेसनातनं गाडीत बसलो. साऱ्या वाटंला मी देवाला म्हनत हुते, तूच सांग त्येस्नी, मला सांगाय लावू नगंस.

डाक्टर गेल्या खेपंचंच. ह्येंनी त्येस्नी सांगितलं, "साहेब, फटफटीचा आवाज तेवढा येत हुता. तो बी बंद झाला." डाक्टरांनी लोखंडी चिमटा वाजवून कानाजवळ धरला, कपाळाला टेकवला, कायबाय केलं. मग माझ्याकडं वळलं. ह्येस्नी ऐकू येत न्हाई म्हनून सगळे माझ्याशीच बोलत्यात.

"बाई, यांचे कान होते तसेच आहेत. काही कमी झालेलं नाही. गाडीत काही बदल केलाय का कुणी?"

"मला बाईमानसाला गाडीतलं काय कळतंय?" मी म्हनलं.

असं बोलले मी. जिला सारं म्हाईत ती असं बोलली. डाक्टर म्हनलं, "मग घरी जाऊन गाडी तपासून घ्या. आणि यांना नीट समजावून सांगा, कान ठीक आहेत म्हणून. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

परतीच्या गाडीत मुंगी शिरंल एवढी जागा न्हवती. समोर एक मानूस मिरजेचा नवा तंबुरा घिऊन बसला हुता, गवसनी घातलेला. पोराबाळांनी हट्ट केला म्हनून त्यानं गवसनी जरा वर केली आन तारा छेडल्या. ह्ये बगत हुतं. हळूच हात फुडं केला आन तंबुऱ्याच्या भोपळ्यावर ठेवला. त्या मानसानं ठिवू दिला. मग माझ्याकडं वळून इचारलं, "वाजतंय का गं?"

मला मान हलवता येईना.

"डाक्टर काय म्हनलं?"

सारा डबा माझ्याकडं बगत हुता. सांगायचं म्हंजी वरडून सांगावं लागनार. कानात सांगायची सोय न्हाई. लोकाच्या बायका आपलं पाप नवऱ्याच्या कानात सांगत्यात, उशीवर सांगत्यात. मला माझं पाप डबाभर मानसांत बोंबलून सांगावं लागनार. तोंड उघडलं आन रडूच आलं. हुंदकं देऊन रडले.

ह्येंनी ते रडनं बगितलं आन त्येंचं त्येंनी ठरवलं. तंबुऱ्यावरचा हात काढून माझ्या पाठीवर ठेवला. "असू दे," म्हनलं. "रडू नगंस. तू हायस की."

त्यापरीस कानाखाली वाजवली असती तर बरं.

दुसऱ्या दिशी ह्ये उसाला पानी पाजायला गेलं आन मी गाडीवरचं गोनपाट वढलं. कृष्णातला बलवायचं न्हाई, बासरी माझ्या हातानं घातलेली न्हवती तरी माझ्या तोंडानं घातली हुती, माझ्याच हातानं काढायची. ह्येंच्या पेटीतला पाना घेतला. नट हलंना. पान्यावर पाय दिऊन हुबी ऱ्हायले तवा हललं. पकडीनं नळी धरली, येईना. शिव्या दिल्या, दगडानं ठोकलं, परत वढली. आली, आन काजळीसकट अंगावर आली. कोपरापातूर काळी झाले.

मग किक. नऊवारीचा काष्टा घट्ट खवला आन मारली. काय न्हाई. परत मारली. किक उलटी आली, भाजल्याल्या पायाच्या नडगीवर बसली, डोळ्यांम्होरं काजवं. हरणाबाई भिताडावनं बगत हुती. "शालू! याड लागलं का गं तुला?"

"व्हय, लागलंय!"

मी परत मारली. आन भडाडा भडाडा भडाडा! धुराचा लोट उठला. हरणाबाईनं कानात बोटं घातली आन म्हशीला शिव्या देत आत पळाली. मी गाडी चालूच ठेवली, मूठ पिळत ऱ्हायले. आमचं शेत वढ्यापलीकडंच हाय.

ह्ये चिखलाच्या पायानं पळत आलं. हातात खोरं तसंच. फाटकाला धरून हुबं ऱ्हायलं, धाप लागलेली, तोंड असं फुललेलं! "आलं!" म्हनलं. "शाले, परत आलं! मला ऐकू..."

मग माझं हात दिसलं. मग हातातली बासरी.

सांगायचं ते मी तवा सांगितलं. वरडून सांगितलं. आन गंमत बगा, गाडीचा आवाज असा हुता की हरणाबाईला एक शबुद कळला न्हाई. माझं मला सुदा ऐकू आलं न्हाई. साऱ्या गावात एकट्या त्या बहिऱ्या मानसाला तेवढं माझं बोलनं समजलं. माझा पाय भाजला, तुमी डोळं मिटून बसला हुता, मला राग आला. म्हैस न्हाई, मी. मीच कृष्णातला खोटं सांगितलं. तुमी इचारलं वाजतीया का, आन मी व्हय म्हनलं. डाक्टर म्हनलं कान धड हायती. ते बी मी गिळलं.

ह्ये माझ्या तोंडाकडं बगत ऱ्हायलं. माझं तोंड मिटलं तरी बगत ऱ्हायलं. मग जवळ आलं, बासरी माझ्या हातातनं घेतली, तिच्या भोकांतनं उजेडाकडं बगितलं.

"हात धू," म्हनलं. "काजळी लवकर निघत न्हाई."

एवढंच. शिव्या न्हाईत, मारनं न्हाई. गाडीवर बसलं आन गावाला येढा घालून आलं. आलं तवा हसत हुतं. जेवताना म्हनलं, "तुझ्यात ताकद लय हाय गं, ते नट कृष्णातला सुदा जड गेलं हुतं." मी हसले. मला वाटलं, मिटलं. देवानं सोडवलं.

त्याच दिशी, दिवस मावळायच्या टायमाला, मी चुलीम्होरं हुते. हिरीवरची मोटर चालू हुती, उसाला पानी जात हुतं. अदीमधी लाईट जाती, म्हनून ह्येस्नी सारखं बगावं लागतंय. दारात बसलेलं. कान दिल्यावानी मान वाकडी केली, आन मी माझी मान तयार ठेवली.

ह्ये उठलं. चपला घातल्या, हिरीकडं चालत गेलं. मी दारातनं बगत हुते. मोटरंवर हात ठेवला, थरथर हाताला लागली तशी परत आलं आन आपल्या जाग्यावर बसलं. मला काय इचारलं न्हाई.

मला वाटलं आज इसरलं असतील. पन तितनं पुढं तसंच. पाऊस आला का बगायला भाईर जाऊन हात फुडं करत्यात. यस्टी गेली का, ते पारावरच्या मानसाला खुनंनं इचारत्यात. दार वाजलंय का, ते दाराला हात लावून बगत्यात. राग न्हाई, रुसवा न्हाई. बोलत्यात, हसत्यात, लुगडं आनलं मला साताऱ्यासनं. गाडीजवळ बसलं तरी आता डोळं मिटत न्हाईत, माझ्याकडं बगत बसत्यात, परत पाय भाजंल म्हनून. हरणाबाईची म्हैस सरावली, आता त्या आवाजातच पान्हा सोडती. समद्यांचं बरं झालं.

काल दिवस मावळतीला परत उठलं, चपला घातल्या. मला ऱ्हावलं न्हाई.

"आवं," मी म्हनलं, "चालू हाय. मोटर चालू हाय."

त्येंची पाठ हुती माझ्याकडं. हिरीपातूर गेलं, मोटरंवर हात ठेवला, मग परत आलं.